रायझन ७ ५७००एक्स३डी: जुन्या एएम४ बोर्डावर हा प्रोसेसर चढवावा का?

रायझन ५ २६०० किंवा ३६०० वर चालणारं मशीन, त्यात नंतर घातलेलं बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि गर्दीच्या दृश्यात अडखळणारे गेम. अशा मशीनसाठी एएमडी कंपनीचा ५७००एक्स३डी आजही फार चांगला प्रोसेसर आहे. तेच मशीन दिवसभर सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवरच, थ्रीडी रेंडर टाकायला वापरत असाल, तर मात्र हा घेऊ नका. त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) बसणारा ५९००एक्स किंवा ५९५०एक्स बघा. दोन्ही कामं निम्मी-निम्मी असतील तर उत्तर इतकं सरळ नाही, आणि खालचं बरंचसं लिखाण अशाच लोकांसाठी आहे.

एएम४ सॉकेटवर रायझन २०१७ मध्ये आले. ५७००एक्स३डी आला जानेवारी २०२४ च्या अखेरीस, म्हणजे सॉकेटच्या अगदी उतारवयात. आठ कोअर (स्वतंत्र गणक), सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ, बूस्ट, म्हणजे गाठता येणारा सर्वोच्च वेग, ४.१. नुसते आकडे वाचले तर कोणीही नाक मुरडेल, कारण साध्या ५७००एक्सचा बूस्ट ४.६ आहे. फरक आहे तो एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेल्या छोट्या, वेगवान मेमरीचा. ५७००एक्सकडे ती ३२ एमबी आहे, याच्याकडे ९६. जादाची ६४ एमबी म्हणजे मूळ चिपच्या डोक्यावर तांब्याच्या थेट जोडांनी बसवलेली दुसरी चिप. हीच रचना घेऊन एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीचा बूस्ट ४.५ आहे. दोघांच्या वेगात साधारण नऊ टक्क्यांचा फरक पडतो, गेममध्ये तो बहुधा त्याहून कमीच दिसतो. वापरलेला ५८००एक्स३डी चांगल्या स्थितीत आणि जवळपास त्याच पैशांत मिळाला तर जरूर घ्या, पण त्याच्यासाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

कॅश एवढी महत्त्वाची का, हे एकदा नीट समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. डीडीआर४ रॅममधून माहिती यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात. चार गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरसाठी ती सुमारे ३०० चक्रांची वाट बघणं झाली. तीच माहिती एल३ मध्ये सापडली तर पन्नासेक चक्रांत हातात येते. गेम प्रत्येक फ्रेमला शेकडो पात्रं, वस्तू आणि टकरी यांची माहिती मेमरीत इकडून तिकडून गोळा करतो. ती कुठल्याही रांगेत नसते, त्यामुळे प्रोसेसरला आधीच अंदाज बांधून ती मागवता येत नाही. रेंडरिंग किंवा व्हिडिओ एन्कोडिंगचा स्वभाव वेगळा असतो. तिथे काम ठरावीक तुकड्यांत, ओळीने येतं. मोठ्या कॅशचा उपयोग थोडा आणि कमी झालेल्या वेगाचा तोटा जास्त. म्हणूनच ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि सिनेबेंच (वेग मोजणारी चाचणी) यांच्यात हा प्रोसेसर साध्या ५७००एक्सच्याही मागे राहतो.

३६०० वाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या प्रोसेसरच्या खोक्यावर ३२ एमबी एल३ लिहिलेलं असतं, पण ती १६-१६ च्या दोन भागांत विभागलेली असते आणि तीन कोअर एका भागाचे, तीन दुसऱ्याचे. ५७००एक्स३डीत आठही कोअर एकाच ९६ एमबीवर काम करतात. एका कोअरच्या नजरेतून पाहिलं तर ही उडी १६ वरून ९६ वर आहे. ५६००एक्स किंवा ५८००एक्स वापरणाऱ्यांसाठी ती ३२ वरून ९६ आहे आणि कोअरची पिढीही तीच राहते. त्यांनी फक्त कॅशवर जगणारे गेम खेळत असतील तरच हात घालावा: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने, बाल्डर्स गेट ३ चं शहर, फॅक्टोरिओ. फॅक्टोरिओत कारखाना अतिप्रचंड झाला की तो ९६ एमबीतही मावत नाही आणि फायदा ओसरतो, हेही सांगायला हवं.

आधी मोजा

प्रोसेसर बदलायचा की नाही हे टास्क मॅनेजरमधल्या टक्क्यांवरून ठरवू नका. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरला पूर्ण दमवत असला, तरी एकूण आकडा तीस-चाळीस टक्केच दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. तो निवांत नसतो. एक कोअर धापा टाकत असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत असतात.

बघायचं ते ग्राफिक्स कार्डाकडे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही आकडे पडद्यावर दाखवणारी साधनं लावा, किंवा कॅपफ्रेमएक्सने नोंद घ्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद, फ्रेमची मर्यादा काढलेली. ही मर्यादा तीन ठिकाणी लपलेली असू शकते, गेममध्ये, ड्रायव्हरमध्ये आणि रिवाट्यूनरमध्येच. एखादी राहून गेली तर कार्ड रिकामं दिसेल आणि दोष विनाकारण प्रोसेसरवर जाईल. मग गेममधली खरोखर जड जागा निवडा, म्हणजे बाजार, मोठी लढाई, शर्यतीची सुरुवात. सेव्ह तीच, वाट तीच, ६० सेकंद, तीन वेळा. पहिली फेरी सोडून द्या, कारण शेडर (कार्डावर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि डिस्कवरची माहिती त्या फेरीत पहिल्यांदा भरली जाते.

कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के असेल तर अडथळा कार्डाचा आहे, प्रोसेसर बदलून सरासरी फ्रेम वाढणार नाहीत. वापर ८० च्या खाली घसरत असेल तर दुसरी परीक्षा घ्या. बाकी सेटिंग तशीच ठेवून रेझोल्यूशन ७२० पी करा. फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर तो आकडा म्हणजे तुमच्या प्रोसेसरचं छप्पर आहे. कार्ड कितीही मोठं घातलं तरी त्या दृश्यात तुम्ही त्याच्यावर जाणार नाही. ते छप्पर तुमच्या मॉनिटरच्या गरजेशी ताडून बघा. ६० हर्ट्झच्या पडद्याला फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला फक्त ६.९. छप्पर ९० चं असेल आणि मॉनिटर ६० चा, तर पैसे खिशातच राहू द्या.

सरासरीपेक्षा सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा अधिक बोलका असतो, कारण हाताला जाणवणारा झटका तिथेच असतो. एक्स३डीचं खरं मोल याच आकड्यात दिसतं. सरासरी १०० वरून १३० झाली हे डोळ्यांना कदाचित जाणवणारही नाही, पण खालची ५० वरून ८० झाली की गेम वेगळाच वाटतो.

डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रेझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठं करणारं अपस्केलिंग) वापरणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. १४४० पीवर ‘क्वालिटी’ लावलं की कार्ड आतून ९६० पीच रंगवतं. ४केवर ‘परफॉर्मन्स’ म्हणजे आतून १०८० पी. कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं नाही. म्हणून ‘मी ४केवर खेळतो, मला प्रोसेसर कशाला लागतोय’ हा तर्क अपस्केलिंग लावलेल्या मशीनवर टिकत नाही. प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारं रे ट्रेसिंगही प्रोसेसरवर काम वाढवतं, कारण दृश्यातल्या वस्तूंची झाडासारखी रचना सतत ताजी ठेवावी लागते. आणि इंटेलचं आर्क बी५८० वापरत असाल तर जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर बराच वेळ खातो. त्या जोडीत प्रोसेसर बदलल्याचा फरक चांगलाच दिसतो.

प्रोसेसरवर ठपका ठेवण्याआधी आणखी काही संशयित तपासायला हवेत. रॅमची एकच पट्टी आहे का? दोन असतील आणि बोर्डाला चार खाचा असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का? बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय, चालू आहे का? ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर रांगत असलेली मशीन भरपूर सापडतात, आणि तो एक पर्याय चालू केला की रायझन ३६०० ला फुकटात बळ मिळतं. कूलरची पेस्ट वाळून प्रोसेसर ९५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करत नाही ना? ग्राफिक्स कार्डाची मेमरी ८ जीबी असून टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर आहेत का? मेमरी भरून वाहिल्यावर येणारे झटके कोणताही प्रोसेसर थांबवू शकत नाही. नव्या भागात शिरताना एकदाच बसणारा आणि परत तिथे गेल्यावर न बसणारा झटका बहुतेक वेळा शेडर तयार होण्याचा असतो. तो थोडा कमी होईल, जाणार नाही.

निर्मितीच्या कामाला

इथे ‘क्रिएटिव्ह काम’ असा एकच गठ्ठा करून सल्ला देणं चुकीचं आहे, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर मशीनचा वेगळा भाग घासतं.

ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालत असेल तर अंतिम रेंडरला प्रोसेसरचा संबंध फारच थोडा. दृश्य कार्डाच्या मेमरीत मावत नाही म्हणून सीपीयूवर रेंडर टाकावं लागत असेल, किंवा सिम्युलेशन बेक करत (आधीच गणून साठवून ठेवत) असाल, तर सरळ कोअर मोजा. ५९००एक्सचे बारा आणि ५९५०एक्सचे सोळा कोअर ५७००एक्स३डीला आरामात मागे टाकतात. एक्स२६५ ने व्हिडिओ एन्कोड करणं आणि मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं याच वर्गात येतं.

व्हिडिओ एडिटिंगचं दुखणं बहुतेकदा दुसरीकडेच असतं. कॅमेऱ्याची फाइल एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) ४:२:२ (रंगांची जास्त माहिती राखणारा प्रकार), १० बिट असेल तर एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेची कार्डं ती हार्डवेअरने उलगडू शकत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन चिकटते. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक नावाचं व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर हे काम सहज करतं, एनव्हिडियाच्या ५० मालिकेतही ही सोय आली. ५७००एक्स३डी, ५९००एक्स आणि ५९५०एक्स या तिघांतही अंगभूत ग्राफिक्स नाही, तेव्हा तिघांपैकी कोणीही हा प्रश्न मुळातून सोडवत नाही. प्रॉक्सी फाइली (मूळ फाइलच्या हलक्या प्रती) करून काम करणं हा उपाय मात्र ३६०० वरसुद्धा चालतो. साध्या ४:२:० फाइली असतील तर कार्ड त्या उलगडतंच, मग १६ जीबीवरून ३२ जीबीवर जाणं प्रोसेसर बदलण्याइतकंच कामी येतं. आफ्टर इफेक्ट्स तर रॅम किती असेल तेवढी गिळतं, तिथे ६४ जीबी हा चैनीचा आकडा नाही.

फोटोशॉपला एका कोअरचा वेग हवा असतो. ३६०० वरून येणाऱ्याला ५७००एक्स३डीत पिढीच्या सुधारणेमुळे फरक जाणवेल, पण त्या कामाला साधा ५७००एक्स अधिक चपळ आहे आणि स्वस्तही. लाइटरूममध्ये ढीगभर फोटो एक्सपोर्ट करताना जास्त कोअर उपयोगी पडतात. तिथलं एआय डीनॉइज कार्डावर चालतं. संगीताच्या कामात एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे ६४ सॅम्पलच्या बफरवर (आवाज तयार करायला मिळणारा अगदी छोटा अवधी) फटफट आवाज येत असेल तर कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरची ताकद आधी बघावी.

निम्मं-निम्मं काम करणाऱ्यांसाठी कौल असा: रेंडर रात्री लावून झोपत असाल, तर त्याला दोन तास लागले काय किंवा तीन, तुम्ही तिथे नसता, गेमच्या वेळी मात्र तुम्ही खुर्चीत असता. म्हणून ५७००एक्स३डी. मशीन अडकल्यामुळे कामाचे तास वाया जात असतील तर ५९००एक्स. गेममध्येही तो ३६०० पेक्षा स्पष्ट पुढे आहे, फक्त त्याचे बारा कोअर सहा-सहाच्या दोन चिपमध्ये आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो.

बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं बदलून एएम५ वर जावं का? एप्रिल २०२३ चा ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी यांच्यापुढे ५७००एक्स३डी गेममध्ये टिकत नाही. ९८००एक्स३डीत कॅश कोअरच्या वर नाही, खाली ठेवली आहे. त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येतो. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. पण तिकडे जाताना डीडीआर५ रॅमसकट तीन वस्तू नव्या घ्याव्या लागतात. अतिशक्तिशाली कार्ड असेल किंवा बोर्डच कुरकुरत असेल तर जा. मधल्या फळीचं कार्ड असताना तोच पैसा कार्डात घातलेला बरा.

बसवताना काय बिघडतं

पहिली पायरी बायोस, आणि ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकायची. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या बोर्डाच्या नेमक्या आवृत्तीची प्रोसेसर यादी उघडा, ५७००एक्स३डीसमोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघा. बी३५० आणि एक्स३७० च्या बऱ्याच बोर्डांनाही पुढे आधार मिळाला. काही बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची आहे. नव्या प्रोसेसरना जागा करायला अगदी जुन्यांचा आधार काढून टाकलेला असतो, म्हणून अपडेटसोबतची टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. नवा प्रोसेसर आधीच बसवून पडदा काळा झाला असेल तर बोर्डावर फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस भरण्याचं) बटण आहे का ते पाहा. फाइलचं नाव आणि यूएसबीची जागा दोन्ही माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे तंतोतंत लागतात.

त्याआधी एक काम विसरलात तर फार मनस्ताप होतो. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि ते तात्पुरतं थांबवा. रायझनमध्ये टीपीएमच्या, म्हणजे सुरक्षा-विभागाच्या, किल्ल्या प्रोसेसरशी बांधलेल्या असतात. नवा प्रोसेसर बसल्यावर पहिल्याच वेळी काळ्या पडद्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) बदलल्याची सूचना येते आणि ‘वाय’ की ‘एन’ असं विचारलं जातं. ‘वाय’ दाबलं की जुन्या किल्ल्या जातात. की हाताशी नसेल तर ‘एन’ दाबा, मशीन बंद करा, जुना प्रोसेसर परत लावा.

कूलर काढताना मशीन आधी दहा मिनिटं एखाद्या जड कामाला लावून गरम करा, मग बंद करून वीजपुरवठा तोडा. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची दांडी ओढीपुढे टिकत नाही. थंड, वाळलेल्या पेस्टवर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवायचा, सुटल्याचं हाताला कळलं की उचलायचा. ३६०० सोबतचा रेथ स्टेल्थ चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीला धरलेला असतो; स्क्रू निघाले की ती पट्टी मागून गळून पडते, तेव्हा तिला एका हाताने आधार द्या. तो कूलर ५७००एक्स३डीला पुरत नाही आणि नव्याच्या खोक्यात कूलर येत नाही. १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा टॉवर कूलर पुरे आहे.

कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागत असेल तर थांबा, एखादी पिन वाकली आहे. वापरलेला प्रोसेसर घेताना पिनांच्या रांगा तिरक्या प्रकाशात चारही बाजूंनी बघून घ्या. पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मधोमध ठेवला की झालं.

बायोस अपडेटने सगळी सेटिंग मूळपदावर जातात. एक्सएमपी पुन्हा चालू करा. एसव्हीएम (आभासी मशीन चालवण्याची सोय) चालू नसेल तर डॉकर आणि अँड्रॉइडचे एम्युलेटर उठणार नाहीत. सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याचा पर्याय) किंवा साटाची (डिस्क जोडणीची) पद्धत आधी वेगळी असेल तर विंडोजच सुरू होणार नाही, म्हणून जुन्या सेटिंगचे पडदे फोनवर टिपून ठेवलेले बरे. विंडोज नव्याने टाकायची गरज नाही, चिपसेट ड्रायव्हर ताजा केला की पुरे. रॅम ३२०० ची असेल तर ३६०० च्या रॅमच्या मागे लागू नका. मोठ्या कॅशमुळे रॅमच्या वेगाचा परिणाम या प्रोसेसरवर बराच बोथट होतो.

तापमान बघून घाबरायला होतं. वरच्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे सगळे कोअर राबत असताना ८० ते ८५ अंश दिसणं या प्रोसेसरसाठी नेहमीचं आहे. मर्यादा ९० ची आहे. याचा गुणक (कोअरचा वेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद असतो, वेग वाढवता येत नाही. पण बोर्ड कर्व्ह ऑप्टिमायझर हा व्होल्टेज जुळवायचा पर्याय दाखवत असेल तर व्होल्टेज खाली आणता येतं. उणे १५ पासून सुरुवात करा, उणे ३० पर्यंत पुष्कळ नमुने जातात आणि काही अंश कमी होतात. प्रत्येक बदलानंतर कोअरसायक्लर ही चाचणी रात्रभर चालवा, कारण ही अस्थिरता जड कामात सहसा दिसत नाही. मशीन रिकामं असताना, एकच कोअर उसळी मारतो त्या क्षणी ते रीस्टार्ट होतं.

सगळं बसलं की तीच सेव्ह, तीच वाट, तीच ६० सेकंदं पुन्हा मोजा. कार्ड आता ९७ टक्क्यांवर पोचलं असेल तर प्रोसेसरचं काम झालं. ते अजूनही ७० वर रेंगाळत असेल, तर पहिल्यांदा एक्सएमपी खरोखर लागू झालं आहे का ते पाहा, मग फ्रेमची ती लपलेली मर्यादा शोधा.